किती बॉम्ब पुरेसे, हा प्रश्न सोडू नकोस

प्रिय पोरी,

तुझा मेसेज रात्री उशिरा वाचला, तेव्हाच उत्तर टाइप करायला घेतलं होतं पण व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळीत सांगून होण्यासारखी गोष्ट नाही ही, म्हणून हे लांबलचक पत्र. घरच्या ग्रुपवर तू एवढंच लिहिलंस की संरक्षणाचं बजेट दरवर्षी वाढतंय, अण्वस्त्रं वाढतायत, हे थांबणार कुठे. त्यावर मामांनी लिहिलं की सियाचीनला एक रात्र काढून ये मग बोल, चुलतभाऊ पाकिस्तानात जा म्हणाला आणि आईने फोन करून पोस्ट डिलीट करायला लावली. आता तू विचारतेयस की गप्प बसू का. अजिबात नको बसूस. पण पुढच्या वेळी बोलशील ते तयारीने बोल, आणि आधी कुणाशी बोलायचं तेही ठरव.

माझं ऐकशील तर सगळ्यात आधी मामांशी बोल. ग्रुपवर नाही, साताऱ्याला घरी जाऊन. ते फौजेतून रिटायर झालेत, त्यांनी बर्फात दिवस काढलेत, आणि ते जे बोलले तो टोमणा म्हणून घेऊ नकोस, त्यांना विचार की मामा तिथे तुम्हाला काय मिळायचं आणि काय मिळायचं नाही. विचारायला जायच्या आधी कॅगचा, म्हणजे सरकारी खर्चाचा हिशोब तपासणाऱ्या संस्थेचा, एक रिपोर्ट वाचून जा, फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत मांडला गेला तो. सियाचीन, लडाखसारख्या उंचावरच्या जवानांच्या कपड्यांबद्दल आणि रेशनबद्दल आहे. त्यात लिहिलंय की स्नो गॉगलचा प्रचंड तुटवडा होता, बूट वेळेवर खरेदी झाले नाहीत म्हणून जुनेच बूट परत वापरायला लागले. बर्फावरून परावर्तित होणाऱ्या उन्हाने डोळे जातात ग, काही तास गॉगल नसेल तरी माणूस तात्पुरता आंधळा होतो, आणि गॉगल ही काही शेकडो कोटींची वस्तू नाही. ज्या देशाचं संरक्षणाचं बजेट जगातल्या पहिल्या पाचांत आहे त्या देशाच्या जवानाला गॉगल आणि बूट कमी पडतात, तर पैसा जातो कुठे, हा प्रश्न मामा तुझ्याआधी विचारतील, बघ तू.

त्यांच्याशी बोलताना पेन्शनला हात लावायचा नाही. 'डिफेन्स बजेट कापा' असं सरसकट म्हटलंस की समोरचा फौजी लगेच समजतो की ही माझी पेन्शन कापायला निघालीय, आणि त्याचं चुकत नाही, कारण त्या आकड्यात त्याची पेन्शन खरंच आहे. २०२५-२६ च्या बजेटमध्ये संरक्षण मंत्रालयाला साधारण ६ लाख ८१ हजार कोटी दिले, त्यात पेन्शनचे १ लाख ६० हजार कोटी, नवीन खरेदीचे म्हणजे विमानं, जहाजं, क्षेपणास्त्रं वगैरेचे १ लाख ८० हजार कोटी, बाकी मोठा वाटा पगार, देखभाल, रोजचा खर्च. हे तीन वेगवेगळे ठेव. आणि मग अग्निपथकडे बघ. जून २०२२ मध्ये ती योजना आली, चार वर्षांची नोकरी, शंभरातली पंचवीस पोरं कायम होणार, बाकीची घरी आणि त्यांना पेन्शन नाही. आपल्याकडे सातारा, सांगली, कोल्हापूरच्या गावागावांत पहाटे पाचला रस्त्यावर पळणारी भरतीची पोरं तू पाहिलीयस, त्यांना विचार चार वर्षं म्हणजे काय. पेन्शनचा बोजा वाढतोय म्हणून माणसावरचा खर्च कमी करायचा आणि यंत्रांची ऑर्डर मात्र वाढवत न्यायची, हे कुणी ठरवलं, कधी चर्चा झाली? मला तर वाटतं खर्चवाढीला विरोध करायचा तर सुरुवात इथूनच करावी, जवानाच्या बाजूने उभं राहून.

आणि तुला कुणी म्हटलं की असं बोलणारे सगळे झोलावाले असतात तर त्यांना अ‍ॅडमिरल रामदास कोण होते ते सांग. लक्ष्मीनारायण रामदास, १९९० ते १९९३ भारताचे नौदलप्रमुख, १९७१ च्या युद्धातले वीरचक्रवाले. रिटायर झाल्यावर अलिबागजवळ भायमळ्याला येऊन राहिले, शेती केली, आणि आयुष्याची पुढची तीस वर्षं भारत-पाकिस्तान मैत्रीसाठी आणि अण्वस्त्रांच्या विरोधात घालवली. २००४ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला तो लाहोरचे मानवी हक्क कार्यकर्ते आय. ए. रेहमान यांच्याबरोबर, दोघांना मिळून, एक या बाजूचा एक त्या बाजूचा. मार्च २०२४ मध्ये ते गेले. युद्ध काय असतं ते ज्याने जहाजावर उभं राहून पाहिलं तो माणूस म्हणतो की हे शस्त्र नको, तर ते ऐकायला पाहिजे.

आता आकड्यांबद्दल सांगते, कारण तुझी पोस्ट जिथे अडकली ती तिथेच. तू लिहिलंस की आरोग्यापेक्षा संरक्षणावर जवळजवळ सातपट खर्च. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाला २०२५-२६ ला साधारण १ लाख कोटी होते, त्यामुळे हिशोब तसा बरोबर आहे, पण आरोग्य हा राज्यांचा विषय, राज्यं आपापल्या बजेटमधून वेगळा खर्च करतात, आणि कुणीतरी हुशार माणूस हे एका ओळीत दाखवून देईल आणि तुझी बाकीची दहा वाक्यं वाया जातील. कुणी म्हणेल की जीडीपीच्या हिशोबात तर खर्च कमी झालाय, ऐंशीच्या दशकात तीन टक्क्यांच्या वर होता, आता दोनच्या आसपास. तेही खरंय. ते मान्य कर आणि मग सांग की केंद्र सरकारच्या एकूण खर्चातला साडेतेरा टक्के वाटा २०२५-२६ मध्येही याच मंत्रालयाला गेला, जीडीपी वाढला म्हणून शस्त्रं पण त्याच प्रमाणात वाढलीच पाहिजेत असा कुठला नियम नाही. समोरच्याचा खरा मुद्दा मान्य केला की तुझं ऐकलं जातं, हे मी शिकवताना वर्गात पण पाहिलंय. बजेटची कागदपत्रं ऑनलाइन असतात, संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचे रिपोर्ट असतात, कॅगचे असतात, कंटाळवाणे असतात पण तेच वाच. रील बघून मत बनवू नकोस, आपल्या बाजूचं रील असलं तरी.

जगाचं चित्र पण डोळ्यासमोर ठेव. स्टॉकहोमची सिप्री ही संस्था दरवर्षी हिशोब काढते, २०२४ मध्ये जगाने लष्करावर २७१८ अब्ज डॉलर घालवले, एका वर्षात ९.४ टक्के वाढ, शीतयुद्ध संपल्यापासून एवढी मोठी वाढ झाली नव्हती. जून २०२५ ला हेगमध्ये नाटोच्या देशांनी ठरवलं की २०३५ पर्यंत जीडीपीच्या पाच टक्क्यांपर्यंत जायचं. अमेरिका जुनी जमिनीवरची क्षेपणास्त्रं बदलून सेंटिनेल नावाची नवी आणतेय, त्या एकाच प्रोजेक्टचा अंदाज २०२४ मध्ये सुधारून १४१ अब्ज डॉलरच्या आसपास गेला, आधीच्या अंदाजापेक्षा ८१ टक्के जास्त, आणि तरीही तो चालूच ठेवला. म्हणजे हा आजार फक्त आपला नाही. आपल्याकडे मात्र अण्वस्त्रांवर नक्की किती खर्च होतो हे एका ठिकाणी वाचायलाच मिळत नाही, काही अणुऊर्जा विभागात, काही डीआरडीओ या संरक्षण संशोधनाच्या सरकारी संस्थेत, काही नौदलाच्या पाणबुड्यांत, आणि डीआरडीओ माहिती अधिकारातून वगळलेली. ज्याचा आकडा माहीत नाही त्यावर लोकप्रतिनिधी मत तरी काय देणार?

आता मुख्य गोष्ट. १९९८ च्या मे महिन्यात पोखरणला अणुचाचण्या झाल्या तेव्हा मी कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, आम्ही सगळे पेपर तपासायला बसलो होतो आणि कुणीतरी स्टाफरूममध्ये पेढे आणले. तेव्हा आणि नंतरही सांगितलं गेलं की आपल्याला शर्यतीत पडायचं नाही, समोरच्याने वापरलं तर प्रत्युत्तर देता येईल एवढीच ताकद पुरे, पहिला वापर आपण करणार नाही. २००३ ला जे धोरण जाहीर झालं त्यातही हेच आहे. ठीक आहे, त्यांच्याच बोलण्यावर विश्वास ठेवू. पण एवढीच म्हणजे किती? आजपर्यंत कुठल्याच सरकारने सांगितलेलं नाही. सिप्रीच्या अंदाजाने जानेवारी २०२५ ला भारताकडे १८० अण्वस्त्रं, पाकिस्तानकडे १७०, चीनकडे ६००. हिरोशिमावर पडलेला एक बॉम्ब साधारण १५ किलोटनचा, म्हणजे १५ हजार टन टीएनटी स्फोटकाच्या जोराचा, त्याने वर्षाअखेरपर्यंत १ लाख ४० हजार माणसं गेली. समोरच्याला धाक बसायला त्याची दहा शहरं जाणं पुरेसं नसेल तर वीस पुरेशी आहेत का, पन्नास? हा प्रश्न तू धरून ठेव, सोडू नकोस. बॉम्ब पाहिजे की नको यावर घरात भांडण होतं, पण किती पुरेसे असं विचारलं की बॉम्बच्या बाजूचा माणूसही थांबतो, कारण त्याच्याकडे पण उत्तर नसतं.

आमच्या वर्गात एकदा पोरांनी विचारलं होतं, मॅडम पुण्यावर पडला तर काय होईल. मी फळ्यावर गणित मांडण्यापेक्षा शहराचा नकाशा आणायला लावला, शनिवारवाड्यावर कंपास ठेवला आणि दोन किलोमीटरचं वर्तुळ काढलं, कारण हिरोशिमात साधारण दोन किलोमीटरपर्यंत जवळजवळ सगळं कोसळलं किंवा जळून गेलं होतं. मग पोरंच एकेक नाव वाचायला लागली. कसबा, बुधवार, शुक्रवार, डेक्कन, शिवाजीनगरचा भाग. नंतर एक मुलगी म्हणाली ससून हॉस्पिटल आत येतंय. केईएम पण आत. कमला नेहरू पण आत. मग जखमींना नेणार कुठे, असं तिने विचारलं आणि वर्गात कुणी काही बोललं नाही. हिरोशिमात नव्वद टक्क्यांहून जास्त डॉक्टर आणि नर्स मेले किंवा जखमी झाले होते. मुंबईचा असाच अभ्यास एम. व्ही. रमणा या भौतिकशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये केला होता, एकाच लहान बॉम्बने मरणारांचा आकडा काही लाखांत जातो. तू तुझ्या गावाच्या नकाशावर हे करून बघ, पण लहान मुलांसमोर नको, आणि आजीसमोर पण नको.

पोखरणचं अजून एक सांगते जे पेढ्यांच्या बातमीत नव्हतं. चाचणीच्या जागेपासून काही किलोमीटरवर खेतोलाई नावाचं गाव आहे. ११ मेला दुपारी तिथल्या लोकांना जवानांनी घराबाहेर मोकळ्यावर येऊन बसायला सांगितलं, पावणेचारच्या आसपास जमीन हादरली, घरांच्या भिंतींना आणि पाण्याच्या टाक्यांना तडे गेले. वाळवंटात पाण्याच्या टाकीला तडा जाणं म्हणजे काय ते तुला मराठवाड्यातल्या कुणीही सांगेल. गावकरी तेव्हापासून आजारांबद्दल, गुरांबद्दल बोलत आलेत, नीट तपासणी करा म्हणत आलेत. देशाची शान त्यांच्या अंगणात फुटली आणि त्यांच्याकडे बघायला फारसं कोणी गेलं नाही.

तुला पुढचा प्रश्न हमखास येणार, की बॉम्ब आहे म्हणून पाकिस्तान घाबरून आहे. तारखा पाठ कर. १९९८ ला दोघांनीही बॉम्बच्या चाचण्या केल्या. कारगिल १९९९. संसदेवरचा हल्ला २००१. मुंबई २००८. उरी २०१६, पुलवामा २०१९, पहलगाम २०२५. यातलं काय थांबलं? उलट दोन्ही बाजू थोडं थोडं पुढे सरकून बघतात की समोरचा कुठपर्यंत सहन करतो, आणि हे बघण्याचा खेळ दर वेळी एक पायरी वर जातो, मे २०२५ च्या भारत-पाकिस्तान संघर्षाच्या त्या चार दिवसांत आपण सगळ्यांनी ते मोबाइलवर बघितलं. पण हे बोलताना एक सांभाळ. पहलगामला महाराष्ट्रातले सहा जण गेले, डोंबिवलीतले, पुण्यातले, पनवेलचे. त्यांच्या घरच्यांच्या दुःखावर तुझा मुद्दा ठेवू नकोस. ज्यांनी मारलं ते खुनी आहेत, हे स्पष्ट आणि आधी म्हण, कुणी विचारायची वाट बघू नकोस, कारण ते खरं आहे. आणि मग सांग की १८० अण्वस्त्रं त्या सहा जणांना वाचवू शकली नाहीत, आणि २०० झाली तरी पुढच्यांना वाचवणार नाहीत.

चीनचा प्रश्न जास्त अवघड आहे आणि तो टाळू नकोस. चीन खरंच वाढवतोय, गेली दोनतीन वर्षं वर्षाला शंभराच्या आसपास. काळजी वाटावी असंच आहे. पण गलवान आठव, जून २०२०. दोन अण्वस्त्रधारी देशांचे जवान दगड, लोखंडी रॉड, खिळे ठोकलेल्या दांडक्यांनी लढले, आपले वीस जवान गेले. तिथे उपयोगी काय आलं असतं? रस्ता, गरम कपडे, वेळेवर मिळालेली माहिती, बोलणी चालू ठेवणारे अधिकारी. अजून पन्नास अण्वस्त्रं असती तरी त्या रात्री गलवान नदीच्या काठावर काहीच फरक पडला नसता. कुणी युक्रेन काढेल, त्यांनी १९९४ ला अण्वस्त्रं सोडली म्हणून त्यांच्यावर ही वेळ आली म्हणेल. त्यांना सांग की त्या बॉम्बची चावी तेव्हाही मॉस्कोकडेच होती, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये बॉम्ब नसलेलं युक्रेन हजारो अण्वस्त्रं असलेल्या रशियाच्या कुर्स्कमध्ये घुसलंच ना.

मला खरी भीती कसली वाटते सांगू? मुद्दाम केलेल्या युद्धापेक्षा चुकून झालेल्याची. ९ मार्च २०२२ ला संध्याकाळी आपल्याकडून एक ब्रह्मोस क्षेपणास्त्र सुटलं. कुणी सोडायचं ठरवलं नव्हतं. ते पाकिस्तानच्या हद्दीत शंभर किलोमीटरहून जास्त आत जाऊन मियाँ चन्नू नावाच्या गावाजवळ पडलं. त्यात स्फोटकं नव्हती, कुणी मेलं नाही, त्या वेळी आकाशात प्रवासी विमानं होती त्यातल्या कुणाला ते लागलं नाही. दोन दिवसांनी, ११ मार्चला आपण जाहीर केलं की देखभाल करताना तांत्रिक बिघाड झाला, आणि ऑगस्टमध्ये हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना काढून टाकलं. आता बघ, पाकिस्तानच्या रडारवर बसलेल्या माणसाला ते येताना दिसलं तेव्हा त्यात काय आहे हे त्याला कसं कळणार होतं? ब्रह्मोस आवाजाच्या जवळजवळ तिप्पट वेगाने जातं. त्याच्याकडे मोजून काही मिनिटं होती. तो दिवस शांततेचा होता म्हणून निभावलं. तेच मे २०२५ मध्ये रात्री झालं असतं तर?

आणि म्हणूनच मी तुला म्हणते की फक्त संख्येकडे बघू नकोस, वेळेकडे बघ. आधी आपल्याकडे अण्वस्त्राचा गाभा वेगळा ठेवलेला असायचा आणि क्षेपणास्त्र वेगळं, दोन्ही जोडायला वेळ लागायचा, आणि तो वेळ म्हणजे कुणाला तरी फोन करायला, खरं काय ते तपासायला मिळालेला वेळ होता. आता नवीन अग्नी क्षेपणास्त्रं बंद नळीत, कॅनिस्टरमध्ये ठेवतात, म्हणजे लगेच डागता येतील अशी. अण्वस्त्रवाहू पाणबुड्या आल्या, अरिहंत आणि ऑगस्ट २०२४ मध्ये अरिघात, आणि पाणबुडी गस्तीवर असताना वेगळं वेगळं ठेवणं कठीणच. ११ मार्च २०२४ ला अग्नी-५ ची चाचणी झाली, एकाच क्षेपणास्त्रातून अनेक अण्वस्त्रं वेगवेगळ्या ठिकाणी टाकण्याची, सगळ्यांनी स्टेटस ठेवले. इंजिनिअरिंग म्हणून ते अवघड काम आहे, ज्यांनी केलं त्यांच्या हुशारीबद्दल मला आदर आहे. पण एका क्षेपणास्त्रात चार बॉम्ब बसले की शत्रूला ते एक क्षेपणास्त्र आधीच उडवायचा मोह चौपट होतो, आणि त्याच भीतीने तो पण स्वतःचं बोट बटणाच्या अजून जवळ नेतो. दोघांची मिनिटं कमी होतात. यात सुरक्षितता वाढली असं मला कुणी समजावून सांगावं.

तर मग मागायचं काय? 'सगळे बॉम्ब उद्या नष्ट करा' ही घोषणा द्यायला सोपी आहे आणि मनातून मलाही तेच हवंय, पण तू ज्या गोष्टी उद्या होऊ शकतात त्या माग. भारत आणि पाकिस्तान दरवर्षी १ जानेवारीला एकमेकांना आपल्या अणुकेंद्रांची यादी देतात, १९८८ चा करार आहे की या ठिकाणांवर हल्ला करायचा नाही, आणि १९९२ पासून ही यादी एकदाही चुकलेली नाही, कारगिलनंतर नाही, पुलवामानंतर नाही. म्हणजे जमतं. २००५ चा करार आहे की बॅलिस्टिक क्षेपणास्त्राची चाचणी करायच्या आधी एकमेकांना कळवायचं, पण त्यात ब्रह्मोससारखी, विमानासारखी हवेतून उडत जाणारी क्रूझ क्षेपणास्त्रं येत नाहीत. ती त्यात आणा, ही किती साधी मागणी आहे, एक पैसा लागत नाही. अण्वस्त्रं आणि क्षेपणास्त्रं शांततेच्या काळात वेगळीच ठेवू असं दोघांनी जाहीर करा. पहिला वापर नाही हे धोरण ढिलं करू नका. १९९८ नंतर चाचणी केलेली नाही ते तसंच राहू दे, ऑक्टोबर २०२५ मध्ये ट्रम्पनी परत चाचण्यांची भाषा केली म्हणून आपल्याकडेही लोकांना हुरूप आला होता, त्यांना स्पष्ट नाही म्हण. आणि संसदेला आकडा सांगा.

आणि हे सगळं परदेशातून आलेलं खूळ आहे असं कुणी म्हटलं तर सांग की १९५४ मध्ये अणुचाचण्या थांबवा असं संसदेत उभं राहून म्हणणारे नेहरू होते, आणि ९ जून १९८८ ला संयुक्त राष्ट्रांत २०१० पर्यंत जगातली सगळी अण्वस्त्रं टप्प्याटप्प्याने संपवायचा आराखडा मांडणारे राजीव गांधी होते. आंतरराष्ट्रीय न्यायालयात १९९५ मध्ये अण्वस्त्रांचा वापर बेकायदेशीर आहे असं लेखी म्हणणं भारताने दिलं होतं. २०१७ मध्ये १२२ देशांनी अण्वस्त्रबंदीचा करार मंजूर केला तेव्हा मात्र आपण त्या चर्चेला बसलोच नाही.

तू विचारलंस ना की याने काही होतं का. होतं, पण ज्यांनी केलं त्यांना बऱ्याचदा ते करताना दिसलं नव्हतं. १९८६ च्या आसपास जगात सत्तर हजार अण्वस्त्रं होती, आज बारा हजारांच्या थोडी वर आहेत. हे काय राज्यकर्त्यांना आपोआप सुचलं नाही. १२ जून १९८२ ला न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये दहा लाखांच्या आसपास लोक जमले होते, इंग्लंडमध्ये ग्रीनहॅमच्या अमेरिकी क्षेपणास्त्रांच्या तळाबाहेर बायका वर्षानुवर्षं तंबू टाकून बसल्या होत्या, पावसात, थंडीत, आणि १९८७ चा अमेरिका-सोव्हिएत करार होऊन ती क्षेपणास्त्रं गेली. मला सगळ्यात जवळची वाटते ती कझाकस्तानची गोष्ट. तिथे सेमिपालातिन्स्कला सोव्हिएत सरकारने ४५६ अणुचाचण्या केल्या. फेब्रुवारी १९८९ मध्ये ओल्झास सुलेमेनोव नावाच्या कवीला टीव्हीवर लाइव्ह बोलायला मिळालं, तेव्हा कविता वाचायचं सोडून त्याने चाचण्यांमधून झालेल्या किरणोत्सर्गाबद्दल निवेदन वाचलं आणि लोकांना सभेला बोलवलं. लोक आले. हुकूमशाहीत आले. २९ ऑगस्ट १९९१ ला ती जागा कायमची बंद झाली. त्या लोकांपेक्षा आपल्याला बोलायची मोकळीक किती जास्त आहे याचा विचार कर.

काही व्यवहाराच्या गोष्टी. तणाव चालू असताना सैन्याच्या हालचालींचं काहीही, फोटो, व्हिडिओ, ऐकीव बातमी, पोस्ट करायचं नाही, फॉरवर्ड पण नाही. मे २०२५ मध्ये दोन्हीकडून किती खोटे व्हिडिओ फिरले, गेमचे तुकडे युद्ध म्हणून दाखवले, आपण त्यात भर घालायची नाही, आपल्या मुद्द्याला सोयीचं असलं तरी. शिव्या देणाऱ्याला उत्तर देऊ नकोस, प्रश्न विचारणाऱ्याला मात्र कितीही वेळ दे. तुझ्या वर्गातल्या मित्राला क्षेपणास्त्राचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत प्लेसमेंट मिळालीय म्हणून तू त्याच्याशी बोलणं कमी केलंस असं लिहिलंयस, ते नको करूस. त्याच्या घरी कर्ज आहे, तुला माहितीये. खडकी, देहूरोड, अंबरनाथ, वरणगाव, भंडारा, या सगळ्या ठिकाणी हजारो घरं ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांवर चालतात, आणि २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याच्या फॅक्टरीत स्फोट होऊन आठ कामगार गेले ते पण आपलेच. ही माणसं शस्त्रं वाढवायचं ठरवत नाहीत. त्यांच्या हाताला दुसरं चांगलं काम कोणतं देता येईल याचं उत्तर आपल्याकडे नसेल तर आपलं म्हणणं अर्धवट आहे, आणि मला वाटतं तुमच्या पिढीतल्या इंजिनिअरांनी यावर डोकं लावावं, रेल्वेची सुरक्षा यंत्रणा आहे, हॉस्पिटलातली उपकरणं आहेत जी आपण अजून बाहेरून आणतो, बॅटऱ्या आहेत.

एकटी पडू नकोस. तुझ्यासारखं वाटणारे कॉलेजात चारपाच जण तरी असतील, ६ ऑगस्टला हिरोशिमा दिनाला जमा, कॅगचा तो रिपोर्ट मिळून वाचा, एक साधं मराठी टिपण करा, दोन पानांचं, आकडे तपासलेले. खासदाराला पत्र पाठवा, क्रूझ क्षेपणास्त्रांच्या त्या एका मागणीचं, आणि संसदेत प्रश्न विचाराल का एवढंच विचारा. एक आलं तर दुर्लक्ष होतं, वेगवेगळ्या तालुक्यांतून पन्नास आली तर ऑफिसातला माणूस साहेबांच्या कानावर घालतो. तुमच्यात एकजण तरी असा ठेवा ज्याला तुमचं पटत नाही. तो नसेल तर सगळे एकमेकांच्या वाक्यांना माना डोलवत बसाल.

आईवर चिडू नकोस. तिला देशद्रोहापेक्षा तुझ्या नोकरीची आणि लोकांच्या तोंडाची काळजी आहे. तिला पोस्टबद्दल समजावण्यापेक्षा तो नकाशा दाखव, ससूनचं सांग. आणि मामांकडे दिवाळीच्या आधीच जाऊन ये, दिवाळीत घर भरलेलं असतं, निवांत बोलणं होत नाही. त्यांनी काय सांगितलं ते मला जसंच्या तसं कळव, विशेषतः बुटांचं, कारण कागदावरचं आणि प्रत्यक्ष वरच्या चौकीतलं यात किती फरक असतो ते मलाही जाणून घ्यायचंय. दुपारी चारनंतर मी घरीच असते, फोन कर. टिपणाचा पहिला ड्राफ्ट झाला की पाठव, आकडे मी तपासून देते.

तुझी
मॅडम